नडगीतलं सिमेंट

कामावर सगळे त्यांना ओळंबा मिस्त्री म्हणत. भिंत सुतभर जरी कलली तरी यांच्या कपाळाला आठी पडायची आणि ती भिंत चढवणाऱ्याची खैर नसायची. पाहुणे म्हणून कुठे गेले तरी आधी दाराची चौकट न्याहाळून "ही बसवली कोणी?" असं विचारणार, मग आत पाऊल टाकणार. अशा वेळी बायकोला कुठे तोंड लपवावं ते कळायचं नाही. पण गवंडीकामात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, हे त्यांच्यावर खार खाणारेसुद्धा कबूल करत.

तीस वर्षं परांचीवर काढलेला हा माणूस एका सकाळी दुसऱ्या मजल्यावरून खाली आला. दुसऱ्या कोणी बांधलेली फळी पायाखालून निसटली आणि मिस्त्री थेट विटांच्या ढिगावर पडले. उजव्या नडगीचं हाड कातडी फाडून बाहेर आलं, त्याचा चक्काचूर झाला, वर वाळू आणि माती. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमनी तीनदा जखम धुतली, मेलेले तुकडे काढून टाकले आणि हाडात आरपार सळ्या घालून पाय बाहेरून लोखंडी चौकटीत पकडून ठेवला. हाडाच्या मधोमध चार बोटांची पोकळी उरली.

"त्या पोकळीत सध्या सिमेंट भरलंय," मॅडम म्हणाल्या.

मिस्त्री ताडकन उठायला गेले आणि कळ येऊन पुन्हा आडवे झाले. "काय भरलंय म्हणालात?"

"सिमेंट. हाडांसाठीचं असतं. सहा-आठ आठवडे आत राहील. तेवढ्यात त्याच्याभोवती तुमचं शरीर एक पातळ पिशवी तयार करेल. मग आम्ही सिमेंट काढणार, तुमच्याच कमरेच्या हाडाचा भुगा त्या पिशवीत भरणार, आणि त्यातून नवं हाड उभं राहणार."

पडल्यापासून पहिल्यांदाच मिस्त्रींचा चेहरा खुलला. "म्हणजे आधी साचा लावायचा आणि मग आत माल ओतायचा! अगं, ऐकलंस का? हे तर आपलंच काम!" ते बायकोकडे वळले, मग पुन्हा मॅडमकडे. "आणि याला पाणी किती दिवस मारायचं?"

मॅडम हसल्या, सिस्टर हसल्या, बायको तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. उत्तर मात्र कोणीच दिलं नाही, आणि तिथेच घात झाला.

दोन आठवड्यांनी मिस्त्री घरी आले. खिडकीशी पलंग, पायाखाली दोन उशा. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला साचा आणि माल यांचं व्याख्यान मिळायचं. मेहुण्यानं ते तीनदा ऐकलं, चौथ्यांदा तो दारातूनच विचारपूस करून सटकला. मिस्त्रींना पायाचं दुखणं आठवतच नव्हतं, इतके ते त्या नव्या हाडाच्या नादी लागले होते. एकच गोष्ट त्यांना खात होती. ओतलेलं काम कोरडं ठेवलं की त्याला तडे जातात. हे डॉक्टरांना कुठून माहीत असणार? ते काय बांधकामावर वाढलेत?

बायको शिवणाच्या कारखान्यात जायची. तिची पाठ वळली की मिस्त्री पलंगाखालून बादली ओढायचे, फडकं बुचकळायचे आणि पट्टीवर निथळू द्यायचे. सकाळी एकदा, दुपारी एकदा, ती यायच्या आधी एकदा. असं सात दिवस चाललं. दुसऱ्याच्या घराला जो माणूस पाणी मारायला चुकला नाही, तो स्वतःच्या पायाला कसा चुकेल!

आठव्या दिवशी पट्टी बदलायला गेले. मॅडमनी पट्टी उलगडली आणि वास आला. कातडी पांढरीफटक, भिजून सुरकुतलेली. एका सळीच्या भोवती पू.

"हे ओलं कसं झालं?"

"मी केलं," मिस्त्री ऐटीत म्हणाले. "सात दिवस, रोज तीनदा. एक वेळ चुकवली नाही."

मॅडमचा पारा असा चढला की शेजारच्या खोलीतली सिस्टर डोकावली. "मिस्त्री! ते सिमेंट दहा मिनिटांत घट्ट होतं! त्याला थेंबभर पाणी लागत नाही! ओल्या जखमेतून जंतू आत शिरतात. हा पू खालपर्यंत पोचला असेल तर हाड भरताच येणार नाही. मग गुडघ्याखालून पाय काढायची वेळ येईल, कळतंय का?"

ज्या हातांचा मिस्त्रींना एवढा अभिमान, त्याच हातांनी त्यांनी स्वतःचा पाय भिजवून नासवला होता. बाहेरच्या बाकावर बायको त्यांच्याजवळ बसली. ओरडावं की रडावं, हे तिला ठरवता येईना.

"इतकं मन लावून चूकसुद्धा तुम्हीच करू जाणे," ती शेवटी म्हणाली आणि तिनं त्यांचा हात घट्ट धरला.

पुन्हा भरती, पुन्हा सुया. हळूहळू सूज ओसरली, पू थांबला. पण आत काय झालंय ते उघडल्याशिवाय सांगता येणार नाही, असं मॅडमनी बजावलं. आठव्या आठवड्यात मिस्त्रींना टेबलावर घेतलं. पाठीत सुई देऊन कमरेखालचं अंग बधिर केलं, छातीपुढे पडदा धरला. पाहायला काही नव्हतं, कान मात्र शाबूत होते, आणि मिस्त्रींनी सगळा जीव कानात गोळा केला.

कात्रीचा आवाज. भांड्यात काहीतरी ठेवल्याचा आवाज. मग काहीच नाही.

"मॅडम, पू आहे?"

"थांबा."

मॅडम कोणाशी तरी हळू आवाजात बोलल्या. मग त्यांचा आवाज एकदम चढला. "स्वच्छ आहे! मिस्त्री, आत पूचा थेंब नाही! आणि पिशवी काय सुरेख धरलीय हो, गुलाबी गुलाबी!"

मिस्त्री ढसाढसा रडले. लाजबिज काही वाटली नाही त्यांना. तेवढ्यात पलीकडे सिमेंट फोडायला छिन्नीवर हातोडी पडू लागली, आणि तिसऱ्याच ठोक्याला त्यांचं रडं थांबलं.

"मॅडम, छिन्नी उभी धरलीत ना? आवाज बद्द येतोय. जराशी तिरपी करा."

मग एक ठोका, आणि कडकन तुकडा निघाल्याचा आवाज आला.

"निघालं हो!" मॅडम हसत म्हणाल्या. "आता मात्र तोंड बंद. हाड भरायचं काम माझं."

कमरेचं हाड खरवडून त्याचा भुगा पिशवीत गेला, आतून धातूची पट्टी बसली, बाहेरची चौकट निघाली. मग सुरू झालं एक्स-रेच्या फोटोंची वाट बघणं. पहिल्या फोटोत नुसतं धुकं दिसत होतं. तिसऱ्या महिन्यात धुकं दाटलं. पाचव्या महिन्यात त्यात पांढरी रेघ दिसली आणि मिस्त्रींनी तो फोटो खिडकीच्या काचेवर चिकटवला. दूधवाल्यालासुद्धा सोडलं नाही. "हे बघा, हे आधी नव्हतं! माझ्या अंगात तयार झालं!"

आणि सातव्या महिन्यात मॅडमनी फोटो उजेडासमोर धरला, इकडून पाहिला, तिकडून पाहिला.

"दोन्ही टोकं जुळली, मिस्त्री. कुबड्या ठेवा त्या कोपऱ्यात. पूर्ण वजन टाका."

बायको बाहेर बाकावर होती, आत एकालाच सोडत. मिस्त्रींनी कुबड्या भिंतीला टेकवल्या आणि त्यांची पाचावर धारण बसली. दुसऱ्या मजल्यावर हातभर फळीवरून बिनधास्त फिरणाऱ्या या माणसाला सपाट फरशीवर पाऊल टाकवेना. मॅडमनी हात पुढे केला नाही. त्या नुसत्या समोर उभ्या राहिल्या.

मिस्त्रींनी डोळे मिटले आणि उजवा पाय रोवला. सगळा भार त्यावर टाकला. पाय हलला नाही.

दुसरं पाऊल. तिसरं. अंगातून वीज गेल्यासारखं झालं. ते तसेच दारापर्यंत गेले, दार उघडलं आणि बायकोसमोर जाऊन उभे राहिले. ती फाईल मांडीवर घेऊन तासभर ताटकळली होती. तिनं वर पाहिलं आणि लगेच तिच्या कपाळाला आठी पडली.

"अहो, कुबड्या आत विसरलात ना? लक्ष कुठे असतं तुमचं?"

"थांब, आणतो," मिस्त्री म्हणाले, वळले आणि चालू लागले.

तिसऱ्या पावलाला मागून तिची अशी आरोळी आली की बाकांवरची अख्खी रांग उठून उभी राहिली.