उजवा हात, डावा हात

परदेशातल्या एका विद्यापीठाशी आमच्या कॉलेजचा करार झाला आणि आम्हा शिक्षकांना शिकवायला तिकडचे एक प्राध्यापक आले. त्यांचं सांगणं साधं होतं. नोट्स उतरवून देऊ नका, मुलांना प्रश्न विचारू द्या, उत्तर येत नसेल तर येत नाही म्हणा. शेवटी प्रत्येकानं त्यांच्यासमोर एक तास घ्यायचा होता. मग आमच्यातल्या एकाला वर्षभर त्यांच्या विद्यापीठात पाठवायचं. नाव कॉलेज कळवणार.

मी कासारवाडीहून सायकलवर निघायचो, दापोडीला मित्र सामील व्हायचा. तोही माझ्यासारखाच नवा व्याख्याता. पाहुण्यांचं बोलणं त्यानं मनावर घेतलं होतं. त्याच्या वर्गात मुलं बोलू लागली होती. ही जागा त्याचीच, असं मी धरून चाललो होतो.

तासांच्या आदल्या दिवशी विभागप्रमुखांनी आम्हाला बोलावलं. प्रश्न विचारला की सगळ्या मुलांनी हात वर करायचा. उत्तर येतं त्यानं उजवा, येत नाही त्यानं डावा. आपण उजवा बघून विचारायचं. गावच्या शाळेत तपासणीला येणाऱ्या डेप्युटीसाहेबांसाठी करायची ही लबाडी, आणि ती आम्हाला शिकवायला आलेल्या माणसासमोर! मी म्हणालो, ही फसवणूक आहे. मी चळवळीची पत्रकं वाचून वाढलेला, हे प्रमुखांना माहीत होतं.

"तुमचं पत्रक बाहेर वाटा," ते म्हणाले. "इथं पाहुणा आलाय."

मित्रानं ती रीत पाळली नाही. त्याच्या तासाला मोजकेच हात वर आले. एका मुलानं भलताच प्रश्न टाकला, तेव्हा तो सरळ म्हणाला, "मला ठाऊक नाही. उद्या दोघं मिळून शोधू." पाहुणे खूश झाले, त्यांनी त्याची शिफारसही केली. प्रमुखांच्या तासाला मात्र हातांचं रान माजलं होतं.

कॉलेजनं नाव कळवलं ते प्रमुखांचं. ज्याला वर्गात उत्तर देता येत नाही त्याला परदेशी पाठवून आपली शोभा करून घ्यायची का, असं त्यांनीच आम्हाला विचारलं. मी तोंड उघडलं, तर मला बाहेर जायला सांगितलं.

वर्षानं प्रमुख परतले. आम्हा सगळ्यांना बाकांवर बसवून त्यांनी खिशातून कागद काढला.

"लिहून घ्या. मुद्दा पहिला. विद्यार्थ्यांना नोट्स उतरवून देऊ नयेत."

माना खाली गेल्या, पेनं चालू लागली. माझ्या शेजारी मित्र पेन न उघडता बसला होता. त्यानं डावा हात वर केला आणि तसाच धरून ठेवला.

प्रमुखांनी तो पाहिला, आणि दुसरा मुद्दा सांगायला घेतला.