गाडी वळायला सोडलेली जागा

माझे वडील खालापूरला शाळामास्तर. भुताखेतांच्या गोष्टी कोणी सुरू केल्या की मी उठून सरळ चुलीपाशी जाते. त्यामुळे पुढचं लिहिताना माझा मलाच संकोच वाटतोय... पण जे पाहिलं ते भर सकाळी, चांगल्या उजेडात पाहिलं.

लढाई संपली त्या वर्षीची गोष्ट. कर्जतला स्टेशनामागे नवी वस्ती आखली जात होती आणि आम्ही तिथे जागा घेतली होती. नवा नियम निघाला – दारापर्यंत गाडी येईल एवढी वाट हवी, आणि आवारात गाडी उभी राहून वळेल एवढी जागा मोकळी हवी. नकाशात ती दाखवल्याशिवाय परवानगी नाही. सगळी वस्ती कुरकुरली. आम्हीही. मला दिवस गेले होते आणि पुढच्या बाजूला बाळंतिणीची खोली हवी होती.

आमचे हे रेल्वेत पार्सल क्लार्क. टेप घेऊन मामंजींच्या बैलगाडीपाशी गेले, गाडी मोजली आणि तेवढी जागा नकाशात दाखवली. मामंजींनी जन्मभर स्टेशनातून भाताची पोती वाहिलेली. ते बाजेवर बसून बघत होते.

"आरं, गाडी मोजलीस. बैल?"

"नियमात बैलांचं काही नाही, आबा."

"मग बैल काय मी खांद्यावर घिऊन वळू? बैलांसकट मोज रं."

मी पदर तोंडाला लावून हसले. मामंजी माझ्याकडे वळून म्हणाले, "हस गं पोरी. तुलाच कामाला येल ती जागा." माझ्यावर त्यांचा फार जीव. बाजारातून आले की आधी माझ्या हातात चिंचा ठेवायचे, मग पाणी मागायचे.

नकाशा तसाच, बैल न मोजता, मंजूर झाला. पुढच्या महिन्यात मामंजी गेले... झोपेतच. बैल भिवपुरीकडे त्यांच्या पुतण्याला, बापूला दिले. गाडीची चाकं काढून जुन्या घराच्या भिंतीला टेकवली.

पाया खणायच्या आदल्या संध्याकाळी ह्यांनी खोलीची चुन्याची रेघ मारली. सकाळी आम्ही दोघं गेलो, तर रेघ मोडलेली. मातीत चाकांच्या दोन खुणा – वाटेवरून आत आलेल्या, दार येणार होतं तिथे गोल फिरून बाहेर गेलेल्या. मामंजींच्या गाडीच्या डाव्या चाकाच्या धावेला, म्हणजे लोखंडी पट्ट्याला, सांधा होता. दर फेऱ्याला मातीत आडवा ओरखडा उमटायचा. तोच ओरखडा इथे होता. बैलाच्या खुराचा ठसा मात्र एकही नव्हता.

हे धावत जुन्या घरी जाऊन आले. चाकं भिंतीलाच टेकलेली होती, वर कोळ्याचं जाळंसुद्धा शाबूत.

मग मीच म्हटलं, "खोली मागे घ्या. आबांची जागा आबांना राहू दे." ह्यांनी डोळे पुसले आणि चुन्याची नवी रेघ त्या खुणांच्या बाहेरून मारली. माझी पुढची खोली गेली ती गेलीच. रागही आला होता, खोटं कशाला सांगू.

नव्या घरात राहायला गेलो आणि पंधरा दिवसांत माझं पोट दुखायला लागलं. सुईण म्हणाली, मूल आडवं आहे, दवाखान्यात न्या, वेळ घालवू नका. आमच्या वाटेवर दोन घरांनी ओटे पुढे काढलेले, गाडीवाले आत यायला तयार नाहीत – आवारात जागा आहे म्हटलं तरी पटेना, आत आलो तर वळणार कुठे? आणि मला तर चार पावलंही टाकवत नव्हती. तेवढ्यात बापू भात घेऊन स्टेशनात आलेला ह्यांना दिसला. गाडीला मामंजींचेच बैल. त्या बैलांनी हे घर कधी पाहिलेलं नव्हतं.

ते ओट्यांमधून नीट आत आले, एका दमात गोल वळले आणि गाडीची मागची बाजू बरोबर दाराशी लावून उभे राहिले. बापूचा चेहरा पांढरा पडला होता.

"वैनी, मी कासरा वढलाच नाय."

मुलगी झाली. दवाखान्यातली बाई म्हणाली, अर्ध्या तासाचा उशीर झाला असता तर दोघींचं कठीण होतं.

ते कसं घडलं, मला आजही सांगता येत नाही. वाचकांपैकी कोणाला सुचलं तर जरूर कळवा. मुलगी आता त्याच मोकळ्या जागेत लंगडी खेळते. आणि वस्तीत कोणी नवं घर काढलं की आमचे हे, न बोलावता टेप घेऊन जातात आणि म्हणतात, "बैलांसकट मोजा हो."