विसाव्याची जागा

सुकापूरच्या नव्या इमारतीत राहायला आलो त्या आठवड्यातच एका डिलिव्हरीवाल्याचा फोन आला. "मॅडम, मैं आपके दरवाजे पे खडा हूँ." मी दार उघडलं. बाहेर कोणी नव्हतं. खाली पार्किंगमध्ये उतरले, तिथेही कोणी नाही. तो फोनवर बोलत होता आणि त्याचा आवाज मला आमच्या आवाराच्या मागच्या भिंतीपलीकडूनही ऐकू येत होता. भिंतीच्या त्या बाजूला तो मोटरसायकल लावून उभा होता. मोबाइलच्या नकाशात गावातून एक बारीक रस्ता निघून आमच्या इमारतीच्या पोटातून सरळ नदीकडे जात होता. त्याला परत गावात जाऊन, मोठ्या रस्त्याला लागून, सगळा वळसा घालून पुढच्या गेटने यावं लागलं.

असं पुढेही होत राहिलं. मी जुन्या पनवेलात वाढले. तिथे गल्लीतून गल्ली निघायची, कोणाच्या तरी मागीलदारातून जाऊन बाजारात बाहेर पडता यायचं. इथे प्रत्येक रस्ता एका गेटपाशी येऊन संपतो. मागच्या इमारतीत माझ्या मुलीची मैत्रीण राहते. दोघी आपापल्या गॅलरीतून एकमेकींशी बोलतात, पण खेळायला जायचं तर रिक्षा करावी लागते.

आमची गॅलरी पहिल्या मजल्यावर, मागच्या बाजूला. आठवड्यातले काही दिवस मी घरूनच काम करते. एका दुपारी कपडे वाळत घालताना भिंतीपलीकडे एक म्हातारी दिसली. काष्टा घातलेलं लुगडं, अनवाणी पाय. ती भिंतीला अगदी चिकटून, भिंतीकडे तोंड करून उभी होती. दोन्ही तळवे विटांवर टेकलेले. बराच वेळ तशी उभी राहिली आणि मग आली तशी गावाकडे निघून गेली.

नंतर ती वरचेवर दिसू लागली. दुपारी सगळीकडे सामसूम असायची आणि ती तिथे असायची. तिला पाहिलं की माझं कामात लक्ष लागेना. शेवटी एकदा मी वरूनच विचारलं, "आजी, कोणाकडे जायचंय?"

तिने मान वर केली. "कोनाकडं नाय. वाट बगाला येते."

"कोणाची?"

"कोनाची म्हंजे? वाट, बाय. आमची पायवाट. इथून नदीवर जायाची."

नदीवर म्हणजे गाढीच्या काठच्या स्मशानात, हे मला तिच्या पुढच्या बोलण्यावरून कळलं. "माझी सासू याच वाटेनं गेली. माझा नवरा गेला. सगला गाव याच वाटेनं गेला. तुमचा तो खांब हाय ना खाली, तिथं विसावा. मयत तिथं घटकाभर खाली ठेवायची, खांदा बदलायचा, मंग पुढं." तिने भिंतीवरून बोट दाखवलं ते थेट माझ्या पायांखाली, पार्किंगमध्ये. "मी पन याच वाटेनं जानार. वलसा नाय घेनार."

हे ती अगदी सहज बोलली, बाजाराला जायचं असल्यासारखं.

खांबाजवळची ती पार्किंगची जागा आमच्याच नावावर होती. मी रात्री नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "अगं, सगळ्या पनवेलखाली काही ना काही असेलच. कुठे कुठे बघत बसशील?" ते खरं होतं. तरीही दुसऱ्या दिवसापासून मी स्कूटर गेटजवळच्या झाडाखाली लावू लागले.

पावसाळा सरता सरता म्हातारी यायची थांबली. मला हायसं वाटलं, हे लपवत नाही.

त्यानंतर गावातला मोठा रस्ता गटारासाठी खणला गेला. अशाच एका दुपारी भिंतीमागे खूप माणसांची चाहूल लागली. बोलणं नव्हतं, वाजंत्री नव्हती, नुसती पावलं. मग मागच्या भिंतीतलं छोटं लोखंडी दार कोणीतरी ठोठावलं. बांधकामाच्या वेळी मजुरांसाठी ठेवलेलं ते दार कायम कुलूपबंद असायचं. मी खाली धावले. वॉचमन किल्ली हातात घेऊन घुटमळत होता. सोसायटीचे सेक्रेटरी फोन उचलत नव्हते.

पलीकडून एक वयस्कर आवाज आला. "मोठ्या रस्त्याला सगला खड्डा हाय. खांद्यावर घेऊन जाता येत नाय. येवढं दार उघडा."

वॉचमनने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "उघडा. मी सांगते त्यांना."

दार अरुंद होतं. तिरडी थोडी तिरकी करून आत घेतली. चेहरा उघडा होता. तीच म्हातारी.

माणसं इकडेतिकडे न बघता चालत होती. आमच्या खांबापाशी आल्यावर सगळी एकदम थांबली. कोणी सांगितलं नाही, कोणी खूण केली नाही. तिरडी खाली टेकली, पुढचे मागे झाले, मागचे पुढे आले. खांदेकरी सगळे तरुण होते. वाट बंद झाली तेव्हा खांदा द्यायच्या वयाचे नसतील. माझ्याजवळ उभ्या असलेल्या एकाला मी हळूच विचारलं, "विसाव्याची जागा तुम्हाला ठाऊक होती?"

"कसला विसावा?" तो म्हणाला. "खांदा भरून आला, म्हनून टेकवली."

मग ते पुढच्या गेटने बाहेर पडले. वॉचमनने पाइप लावून फरशी धुतली.

संध्याकाळी मीटिंग झाली. काही जण माझ्यावर चिडले. मी म्हटलं, दार ठेवूया, निदान दिवसा उघडं ठेवूया, आपल्या मुलांनाही पलीकडे जाता येईल. एका बाईंनी मान हलवली, बाकी कोणी नाही. त्याच आठवड्यात गवंडी आला आणि त्याने ते दार विटांनी बुजवलं.

महिन्याभराने भाजी घ्यायला गावात गेले होते. एका दारातून चाळिशीतल्या बाईने हाक मारली. "तुमीच ना, दार उघडलंत त्या?" ती म्हातारीची सून होती. तिने मला आत बसवलं आणि चहा टाकला. मी म्हटलं, त्यात काय, तुमची अडचणच होती.

"सासूबाय अंथरुनाला खिलल्या तवा आमी बोललो, वाट बंद झालीय, मोठ्या रस्त्यानं न्यावं लागंल," ती म्हणाली. "त्या बोलल्या, नाय, ती गॅलरीतली बाय दार उघडंल. तवा रस्ता खनला पन नव्हता."

ती हे सांगत असताना बाहेर अंगणात कोंबड्या फिरत होत्या. मी चहा कोमट होईपर्यंत कप हातात धरून बसले, मग पिऊन उठले. सून दारापर्यंत आली. "येत जा," म्हणाली. मी "हो" म्हटलं आणि खणलेल्या रस्त्याच्या कडेकडेने घरी निघाले.