बाबांचा दुसरा गाल

तलावाच्या पाळीवर मालकानं माझ्या बाबांच्या कानफटात मारली. रविवार होता. मालकाकडे चांद्याहून पाहुणे आले होते, त्यांना मरळ खायची होती. बाबांनी पाण्यात जाळं टाकायला नकार दिला होता.

"आज प्रभूचा दिवस हाय, मालक. उद्या पहाटेच आणून देतो."

एवढंच म्हणाले. हात जोडून म्हणाले. तरी बसली.

मी जवळच शिंगाडे सोलत होते. चौदा वर्षांची होते. वाटलं, बाबा गाल चोळतील, मागे सरतील. त्यांनी मान वळवली आणि दुसरा गाल पुढे केला.

मालकाला आधी कळेचना. मग तो हसला, पाहुणे हसले. त्यानं दुसऱ्या गालावरही मारली, हलकेच, बैलाच्या पाठीवर थाप मारतात तशी.

"अरे, हे तं पादऱ्यानं चांगलं शिकवलं!"

आम्ही ढिवर. मासे आणि शिंगाडे, यावर जगणारे. मालकाची मालगुजारी, म्हणजे गावची जमीनदारी, सरकारनं काढली होती, ती कागदावर. तलाव कोणाचा हे आमच्या गावात कोणी विचारत नव्हतं. ढिवरपुऱ्यात आमचं एकच घर ख्रिस्ती. लहानपणी मला देवी आल्या, मी मिशनच्या दवाखान्यात वाचले, म्हणून बाबांनी बाप्तिस्मा घेतला. आई तोवर गेलेली. बाबांना अक्षर येत नव्हतं. पादरीबाबा वाचून सांगतील ती त्यांच्यासाठी काळ्या दगडावरची रेघ. रविवारी काम नाही, म्हणजे जाळं नाही. कोणी मारलं, तर दुसरा गाल. बाबांनी त्यात अर्थ शोधला नाही. तसंच्या तसं केलं.

गोष्ट त्या दिवशी हसण्यावारी गेली असती तर बरं झालं असतं. तिचा खेळ झाला. बाजाराच्या दिवशी कोणीही उठायचं, "ए ढिवरा, दुसरा दाखव!" आणि एक ठेवून द्यायची. बाबा दाखवायचे. उन्हाळा चढला, तलावाचं पाणी खाली खाली गेलं, आणि मारणारे हात जड होत गेले. एकानं चप्पल काढली. बाबांच्या डाव्या कानातून रक्त आलं आणि त्या कानानं ऐकू येईनासं झालं. आधी ढिवरपुरा आमच्यावर हसायचा. मग हसणंही थांबलं. बायका आमच्या दारावरून खाली मान घालून जाऊ लागल्या. मला त्या गप्प राहण्याची जास्त भीती वाटायची.

पादरीबाबा महिन्यातून एकदा बैलगाडीनं यायचे. मालकाकडे चहा घेऊन मग आमच्याकडे. त्यांनी प्रार्थनेत बाबांना उभं केलं. "याच्यासारखा विश्वास तुमच्यात कोणाचा आहे?" असं आजूबाजूच्या गावांतल्या चार ख्रिस्ती घरांना विचारलं. बाबांचा चेहरा उजळला. मी रागानं जळत होते. पादरीबाबांना कोणी मारत नव्हतं.

मग मालकाचा मुलगा आमच्या घरी आला. मी विळीवर मासे चिरत होते.

"तुमच्या पुस्तकात असंबी लिवलं हाय म्हणे, सदरा मागला तं वरचं पांघरूणबी देऊन टाकाचं?"

"हाय, छोटे मालक," बाबा म्हणाले.

"म्हणजे मागणाऱ्याले नाई म्हणाचं नाई."

हे तो माझ्याकडे बघून म्हणाला. बघतच राहिला. बाबा खाली बघत जाळ्याची गाठ ओढत राहिले. तो गेल्यावरही माझी बोटं विळीच्या पात्यावरून उठेनात.

मी मिशनच्या शाळेत चौथीपर्यंत शिकलेली. पादरीबाबा पुस्तकात कागदाच्या खुणा घालून जायचे, तेवढंच मी बाबांना वाचून दाखवायची. त्या दुपारी मी खुणा सोडून वाचत गेले. ख्रिस्ताला बांधून देवळाच्या मोठ्या याजकापुढे उभं केलं होतं. एका शिपायानं त्याला चापट मारली. आता तो दुसरा गाल देणार, असं धरून मी पुढची ओळ वाचली.

त्यानं दिला नाही. त्यानं विचारलं. माझं काही चुकलं असेल तर दाखव, नाहीतर मला का मारलंस?

मी तीनदा वाचलं. मग बाबांच्या चांगल्या कानाशी बसून वाचलं.

"पादरीबाबानं हे कधी सांगतलं नाई," बाबा म्हणाले.

"म्हणून तं वाचून राह्यली."

"तो देव होता, बाई. आपण कोण विचारणारे?"

"त्या शिपायालेबी तसंच वाटलं, बाबा. हा कोण बोलणारा!"

बाबा उठून बाहेर गेले. पुढच्या फेरीत मी पादरीबाबांना विचारलं. ते म्हणाले, "त्याचा अर्थ वेगळा आहे, बाळ." आणि जरा थांबून म्हणाले, "प्रार्थनेच्या झोपडीला जागा मालकांनीच दिली आहे. जपून बोलावं." अर्थ किती वेगळा आहे, ते मला तिथंच समजलं.

पुढच्या रविवारी मालकाचा मुलगा चार माणसं घेऊन पाळीवर आला. जाळं टाक म्हणाला. बाबांनी नाही म्हणून मान हलवली आणि सवयीनं गाल पुढे केला. त्यानं बाबांना मारलंच नाही. तो वळला आणि शेजारी उभ्या असलेल्या माझ्या तोंडात मारली.

"पाहू, पोरगी शिकली का बापाचं."

डोळ्यांपुढे काजवे चमकले. मागून बाबांचा आवाज आला. हळू, विनवल्यासारखा.

"फिरव बाई मान."

ती चापट मी विसरेन. हा आवाज विसरणार नाही. माझ्या बापाला मी इतकी कधी भ्याले नव्हते आणि त्याची इतकी कीवही कधी आली नव्हती. मान फिरवली असती, तर दुसऱ्या दिवशी तो काय मागायला आला असता, हे मला माहीत होतं.

मी त्याच्या डोळ्यांत पाहिलं. "माहं काय चुकलं ते सांगा. नाई तं मले काऊन मारलं?"

दुसरी बसली. मी खाली पडले. चिखलातून पुन्हा विचारलं. "काऊन मारलं?"

कोणी हसलं नाही. सोबतची माणसं जमिनीकडे बघू लागली. तो थुंकला. "उद्यापासून ढिवरपुऱ्याचं एकबी जाळं या पाण्यात दिसलं तं पाहून घेईन."

संध्याकाळी सगळा पुरा आमच्या अंगणात. "तुह्या पोरीनं आमचं पाणी तोडलं! जाऊन पाय धराले लाव तिले." बाबा माझ्यासमोर बसले. "माफी माग, बाई. प्रभू म्हणते, वैऱ्यावरबी माया कर."

"माया करीन, बाबा. पण मारलं काऊन, हे विचारीनच."

सकाळी मी मालकाच्या दारात गेले. एकटीच. बाबा आले नाहीत. मला पाहून आतली माणसं उठली, काठ्या हाताशी घेतल्या. भ्याले होते, खोटं कशाला सांगू? पण आवाज फुटला. "मले काऊन मारलं? माह्या बाबाले काऊन मारलं?" त्यांनी दार लावून घेतलं. मी लावलेल्या दारालाही विचारलं.

उत्तर मिळालेलं नाही. आमची जाळी पुढे कितीतरी दिवस कोरडी राहिली, त्याचा दोष गावानं मला दिला आणि मी तो घेतला. ख्रिस्ताला मी सोडलं नाही. पण त्याचं कुठलं वाक्य मी पाळावं, हे मालकाकडचा चहा पिऊन येणारा माणूस ठरवणार नाही. जो मारेल, त्याला मी विचारीन. मेले तरी विचारत मरेन.