विहिरीत सोडलेला दिवा

दादाच्या वर्षश्राद्धाला गावानं सभा ठेवली होती. बाहेरून आलेले एक साहेब म्हणाले, जनतेच्या रक्षकानं स्वतःच्या जिवाची पर्वा करायची नसते, आणि यानं ती केली नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. शेजारी वहिनी खाली मान घालून बसली होती. हेच तर तिला वर्षभर खात होतं. विहिरीत उतरताना त्यांना आमची, लेकरांची आठवणही आली नसेल का, असं ती मला कितीदा तरी म्हणाली होती. आणि मी, एरवी एवढी फटकळ, दर वेळी गप्प बसले.

दादा पोलीस शिपाई होता, मोताळ्याकडे ड्युटीला. त्या रविवारी सुटी म्हणून घरी आला होता. वहिनी लेकरांना घेऊन माहेरी गेली होती. शेजारच्या शेतातला माणूस गाळ काढायला पडक्या विहिरीत उतरला आणि खालीच बेशुद्ध पडला. लोक धावत आमच्याकडे आले. पोलिसानं नाही उतरायचं तर कोणी उतरायचं, असं एकजण म्हणाला. आईनं दादाचा हात धरला. तो हात सोडवून गेला, पण डोळे मिटून गेला नाही, एवढंच मला सांगायचंय.

आमचे बाबा विहिरी उपसायचे. जुन्या विहिरीत आधी दोरीनं पेटता कंदील सोडायचा. तो विझला की समजायचं, हवा वाईट आहे, माणूस उतरवायचा नाही. हे आम्ही लहानपणापासून पाहिलेलं. वहिनी काळजी करायची तेव्हा दादा हेच ऐकवायचा, की मेलेला पोलीस कोणाले वाचवते? आधी दिवा, मग मी.

त्या दिवशीही कमरेला दोर बांधता बांधता तो मला म्हणाला, "दिवा आन."

मी घरी पळाले. कंदील माळ्यावर धूळ खात पडलेला, रेशनचं रॉकेल बंद होऊन किती वर्षं झालेली. मागून लोक ओरडत होते, लवकर, लवकर. खुंटीला चार्जिंगची बॅटरी दिसली. तीच उचलली, सुतळीला बांधली आणि विहिरीत सोडली.

मी शाळेत विज्ञान शिकवते. मेणबत्तीवर पेला पालथा घातला की ती का विझते, हे दरवर्षी पोरांना करून दाखवते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, दुसरं काय! बॅटरीला कुठं हवा लागते? ती तळाशी लख्ख चालूच राहिली. तिथं एवढी माणसं होती. कोणाच्याच ध्यानात आलं नाही, की येऊनही कोणी बोललं नाही, देव जाणे.

दादा पाठमोरा उभा राहून गाठ आवळत होता. त्यानं विचारलं, "लागून हाये का दिवा?"

"हाव दादा, लागून हाये."

तो उतरला. दोर एकच होता. हवा चांगली आहे या भरवशावर त्यानं तो स्वतःच्या कमरेचा सोडला आणि त्या माणसाला बांधला. माणूस वर आला, वाचला. दोर परत खाली टाकला, तेव्हा तो धरायला दादा उठला नाही. आता तो माणूस दर आठवड्याला मेथी, वांगी आणून देतो. आई ती घेते आणि आत जाऊन रडते.

सभेहून आल्यावर वहिनी ओट्यावर बसली. मी तिच्याजवळ बसले आणि सांगितलं की साहेब चुकीचं बोलले. दादानं पर्वा केली होती. उतरायच्या आधी त्यानं दिवा मागितला होता.

"दिवा मांगतला होता त्यायनं?"

मी हो म्हणाले. तिनं पुन्हा विचारलं, मग आणखी एकदा. रडत होती, पण वर्षभरात पहिल्यांदा तिचा चेहरा सैल झालेला मी पाहिला. तिनं माझा हात घट्ट धरला. मला वाटलं, इथंच थांबावं, तिला एवढं पुरे आहे.

मग तिनं डोळे पुसले. "मंग ताई, तो दिवा इझला कसा नाही?"

मी सगळं सांगितलं. माझं बोलणं संपेपर्यंत तिनं हात सोडला नव्हता. मग सोडला.