पंख्यावरचं फूल

दसऱ्याच्या दुपारी माझा गेमिंगचा कॉम्प्युटर अडखळायला लागला, तेव्हा आण्णा माझ्या मागे खुर्ची ओढून बसले होते. आण्णा म्हणजे माझे वडील. या मशीनचं नाव काढलं की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. तेच आज आपण होऊन म्हणाले होते, "मला बघू दे तू काय खेळती ते." आमच्या टीमची मॅच थोड्याच वेळात सुरू होणार होती. मॅचचं एवढं काही नव्हतं, मॅच पुन्हा होते. आण्णा त्या खुर्चीवर पुन्हा बसतील याची खात्री नव्हती.

आदल्या दिवशी खंडेनवमी होती. ट्रॅक्टर, कोयते, फवारणीचा पंप, सगळ्यांना हळदकुंकू वाहून झालं आणि आण्णा ताट घेऊन चक्क माझ्या खोलीत शिरले. मी मागोमाग निघाले तर आईने दंड धरला. "जाऊ नगं, लाजत्याल." नंतर पाहिलं, तर कॅबिनेटवर कुंकवाची बोटं आणि खाली अक्षता. मला रडूच आलं. पूजेतली वस्तू दसऱ्यापर्यंत कुणी वापरत नाही, म्हणून मीही मशीनला हात लावला नाही.

आणि आता चित्र थांबत थांबत पुढे सरकत होतं.

"हे असंच असतंय का?" आण्णांनी विचारलं.

"नाही हो, होईल नीट," मी म्हणाले. मागे चालू असलेलं सगळं बंद केलं. ग्राफिक्स खाली आणले. रीस्टार्ट केलं. खेळ तसाच रखडत होता. मग तापमान पाहिलं. प्रोसेसर नव्वद अंशांच्या वर गेला होता. खोलीत काहीतरी करपल्याचा बारीक वास येत होता. मशीन जळतंय, आणि तेही यांनी पूजा केल्याच्या दुसऱ्याच दिवशी! हा माणूस आता जन्मात या खोलीत पाऊल टाकणार नाही, एवढंच डोक्यात घुमत होतं. मी घरासमोरच्या सुप्याच्या रस्त्यावरून आत येणाऱ्या धुळीला मनातल्या मनात शिव्या घातल्या आणि मशीन बंद केलं.

काचेची बाजू भिंतीकडे होती. कॅबिनेट फिरवलं तर काचेचे स्क्रू आधीच सैल. काच काढली. प्रोसेसरच्या पंख्यात झेंडूचं फूल अडकलं होतं. देठ पात्यात, पाकळ्या आतल्या जाळीत, आणि पंख्याच्या मधोमध कुंकवाचं एक बोट.

मी फूल मुठीत लपवणार, तोच मागून आवाज आला. "आगं, ते म्या ठिवलं हुतं."

ट्रॅक्टरचं बॉनेट उचलून ते इंजिनावर फूल ठेवतात. वरवर कुंकू लावलं तर ती पूजा कसली, असं त्यांचं म्हणणं. इथेही त्यांनी इंजिन शोधलं होतं, आणि बरोबर शोधलं होतं.

त्यांचा चेहरा उतरला. "म्या वाटोळं केलं," म्हणत ते उठले. मी घाबरून त्यांची बाहीच धरली. "काही वाटोळं झालेलं नाही. बसा तुम्ही. आण्णा, जाऊ नका."

ते बसले. मी चिमट्याने पाकळी न् पाकळी काढली. कुंकू मात्र राहू दिलं. काच न लावताच मशीन चालू केलं आणि तापमानाच्या आकड्याकडे बघत राहिले. तो हळूहळू उतरला.

मॅच झाली. आम्ही सपाटून हरलो. मागे वळले, तर आण्णा हात मांडीवर घट्ट धरून उघड्या कॅबिनेटकडे बघत होते. पडद्याकडे त्यांनी पाहिलंच नसावं.

"कसा वाटला खेळ?"

त्यांनी पंख्यावरची नजर काढली नाही. "थांबला न्हाई एकदाबी," म्हणाले.