चहा उकळायच्या आत संपणारं गाणं

शिवाजी पेठेतल्या आमच्या बायकांच्या भजनी मंडळात पेटी माझ्याकडं आहे आणि पट्टी मीच ठरवते. काळी चार. ज्यांना झेपत नाही त्यांनी टाळ वाजवावेत. आता माझा वरचा सूर चिरकतो. माझ्यानंतर पेटी नातीनं धरावी असं मी कधीचं ठरवलेलं. धाकटी जाऊ आपल्या सुनेला पुढं बसवायला टपलेली आहेच. म्हणून नात एका बाईंकडं चार आवाजांतलं विलायती गाणं शिकायला जायला लागली, तेव्हा मला पहिल्या दिवसापासून खटकलं.

घरी ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून सराव करायची. एकच खालचा सूर, लांब ओढलेला.

“म्हशीगत काय हंबरतीयास गं?”

“आज्जी, हा खालचा आवाज हाय. वरचे तीन दुसऱ्या पोरी म्हणत्यात.”

“म्हंजे तुला मागं बसवलंय.”

“मागं न्हाय, खाली.”

“तेच की ते.”

मग ती समजावून सांगायला बसे. गाणं तीन-चारशे वर्षांपूर्वीचं, देवळात म्हणायचं, आणि एवढंसं की चहा उकळायच्या आत संपतं. बाई म्हणतात, लय चालत्या माणसाच्या पावलाएवढी ठेवायची. बाई म्हणतात, हे रडणं नव्हे, रडून झाल्यावरचं गप्प बसणं आहे. बाई म्हणतात, बाई म्हणतात. कालवणात मीठ किती घालायचं तेही एक दिवस बाईच सांगतील, असं मला वाटायला लागलं.

नाताळच्या आधी चर्चच्या हॉलमध्ये कार्यक्रम होता. जावेला घेऊन मी गेले. तबला नाही, टाळ नाहीत. बाई माझ्याहून बऱ्याच लहान, सुती साडी, कानात काही नाही. त्यांनी पेटीसारख्या वाद्याची एक पट्टी दाबली, सोडली, आणि हात वर केला.

वरच्या पोरींनी सुरुवात केली. मग दुसऱ्या आल्या, पण बरोबरीनं नव्हे, मागून. मला वाटलं, चुकल्या. मग तिसऱ्या. आणि सगळ्यात शेवटी माझ्या स्वयंपाकघरातलं ते हंबरणं आलं, आणि बाकीचे सूर त्याच्यावर बसले, डोक्यावरच्या चुंबळीवर घागर बसते तसे. घरी मी नुसती चुंबळ ऐकत होते. घागर बाईंकडं होती.

लय फार रेंगाळत होती. आमच्यात भजन चढत चढत संपतं. माझे हात आपोआप वर आले आणि मी टाळी धरली, जरा जलद. जावेनं तर माझ्यापेक्षा जोरात धरली. पुढच्या दोन पोरी गडबडून आमच्या टाळीमागं पळायला लागल्या. नात लहानपणापासून माझ्या टाळीवर वाढलेली. मी तिच्याकडं बघितलं. ती बाईंच्या हाताकडं बघत होती. बाईंनी मान वळवली नाही, नुसता तळवा खाली केला. सगळ्या पोरी परत पावलावर आल्या. माझी टाळी तेवढी हवेत राहिली.

शेवटी त्या आणखी हळू झाल्या. सगळं गाणं कोमल गंधारावर उदास चाललेलं, शेवटच्या सुराला तो शुद्ध झाला. उदास बसलेली बाई उठून पदर खोचते तसं. चांगलं होतं. म्हणूनच जास्त झोंबलं.

“आक्का, संपलं बी?” जाऊ म्हणाली. “मी आत्ता कुटं नीट बसलीया.”

नात बाईंना घेऊन आली. “ही माझी आज्जी. सूर हिच्याकडंच शिकले.”

बाई हसल्या. “असा खालचा आवाज मिळाला, म्हणून तर हे बसवता आलं, आजी.”

“वरचा पण हाय की तिला.”

“आहे. पण तिथं ती ताणते.”

काळी चारला ती ताणते, हे मला कधी ऐकू आलं नव्हतं. परक्या बाईला महिनाभरात यावं, याचा राग आला. अजून आहे.

पुढच्या मंगळवारी मंडळात नात आली. मी काळी दोन धरली.

“आक्का, आज एवढं खाली?” जावेनं लगेच विचारलं. “आवाज गेला व्हय?”

“पेटी माझी हाय. तू टाळ बघ.”

नात म्हणायला लागली. आवाज मोकळा, जाड, बसल्या जागेवरून दारापर्यंत जाणारा. जावेची सून टाळ वाजवायची थांबली, म्हणजे बघा. शेवटच्या फेरीला मी पेटीवरचा हात उचलून टाळी चढवली. नातीनं माझ्या हाताकडं बघितलं आणि लय उचलली. बाकीच्या मागून धापा टाकत आल्या.

पेटी मिटताना ती जवळ सरकली. “आज्जी, बाई म्हणतात...”

“बाईंना म्हणावं, मंगळवारी ये आणि टाळ धर.”